रेवस ते रेडी सायकलने, सावकाश: खाड्या, चढ, मुक्काम आणि दुरुस्तीचा धागा (प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे)

खाडीकाठ

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग, कागदोपत्री प्रमुख राज्य महामार्ग ४. नावात महामार्ग असला तरी बराचसा रस्ता दोन गाड्या जेमतेम एकमेकींना ओलांडतील इतकाच रुंद आहे, आणि सायकलवाल्यासाठी तेच त्याचं मोठेपण. लांबी सव्वापाचशे-साडेपाचशे किलोमीटर, आतल्या गावांत वळत गेलात तर सहज सहाशे. खाड्यांवर नवे पूल होऊ घातले आहेत. ते झाले की फेरीबोटीची लय राहणार नाही. तोवर ज्यांना हा रस्ता गावागावांतून करायचा आहे त्यांच्यासाठी माहिती एका जागी गोळा करू.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की धरा: इथे दिवस किलोमीटरने मोजायचा नाही, खाड्यांनी मोजायचा. प्रत्येक खाडीशी रस्ता समुद्रसपाटीला उतरतो आणि पलीकडे परत सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, चढतो. एकेक चढ १०० ते २०० मीटर उंचीचा, पण छोट्या अंतरात उरकलेला, त्यामुळे ८ ते १० टक्के चढ नेहमीचा आणि वळणांवर त्याहून जास्त. दिवसात असे तीन-चार चढ झाले की ५०० ते ७०० मीटर चढाई होते. सपाटीवर रोज ८० किलोमीटर मारणाऱ्याने इथे ४० ते ४५ धरावेत.

हिशेब असा: ४५ पैकी साधारण १२ किलोमीटर चढाचे, ताशी ६ ने दोन तास. उरलेले ३३, ताशी १६ ने दोन तास. फेरीबोटीची वाट आणि प्रवास मिळून एक तास. सकाळी सव्वासहाला निघालात तर न्याहारी धरून बाराच्या आत मुक्कामाला. त्यानंतर उन्हात सड्यावर सावलीला झाड मिळत नाही.

उत्तरेकडून क्रमाने फेऱ्या अशा: भाऊचा धक्का ते रेवस लाँच (किंवा मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी मोठी बोट), आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, आणि रेडीच्या पुढे गोव्यात शिरायचं तर तेरेखोल ते केरी. बाकीच्या मोठ्या खाड्यांवर पूल आहेत. रेवसच्या लाँचला पायऱ्यांवरून सायकल उचलून चढवावी लागते, तेव्हा मागच्या बॅगा आधी काढून हातात घ्या. बाकी ठिकाणी गाड्या नेणारी बोट असते, सायकल सरळ ढकलत नेता येते. फक्त ओहोटीला धक्क्याच्या उताराचा खालचा भाग उघडा पडतो आणि त्यावर शेवाळ असतं. तिथे सायकलवर बसून उतरू नका.

फेरी बंद असली तर काय होतं ते आधीच बघून ठेवा. दाभोळहून धोपावे समोर दिसतं, पण रस्त्याने गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभराहून अधिक किलोमीटरचा वळसा आहे. बागमांडल्याला अडकलात तर आंबेत-म्हाप्रळच्या पुलावरून मंडणगडमार्गे. म्हणून आदल्या संध्याकाळी जेट्टीजवळच्या टपरीवर 'उद्या पहिली बोट किती वाजता' हे विचारायचंच. फलकावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ यांत फरक पडतो.

---

मतलई

दिशेबद्दल. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पहाटे जमिनीकडून मतलई वारे असतात, दहा-अकरानंतर समुद्रावरून खारे वारे सुरू होतात आणि दुपारी ते वायव्येकडून जोर धरतात. उत्तरेकडून दक्षिणेला गेलात तर दुपारचा वारा पाठीशी राहतो. उलट दिशेने आलात तर आरे-वारे किंवा शेखाडीसारख्या उघड्या किनाऱ्यांवर सपाट रस्तासुद्धा चढासारखा वाटतो. शक्य असेल तर रेवसकडूनच सुरुवात करा.

ऑक्टोबर टाळा. पाऊस संपलेला, ऊन कडक, हवेत दमट वाफ. एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या नेणारे टेम्पो अरुंद रस्त्यावर घाईत असतात आणि राहायच्या जागा भरलेल्या. पावसाळ्यात गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी लाँच बंद होतात आणि खाडीतल्या फेऱ्याही हवेवर अवलंबून.

---

चौतीस दाते

गिअरबद्दल आकड्यांत लिहितो, कारण या रस्त्यावर लोक गुडघे इथेच घालवतात.

७०० मापाच्या (रोड आणि हायब्रिड सायकलींच्या) चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर. पुढे २८ दात्यांची आणि मागे ३४ दात्यांची चकती असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल १.७३ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारलेत तर वेग ताशी ६.२ किलोमीटर. सामानासह १० टक्के चढावर हाच टिकणारा वेग आहे.

आता रोड बाइकचा नेहमीचा जोड घ्या: पुढे ३४, मागे २८. एका फेऱ्यात २.५५ मीटर. ताशी ६.२ ने चढायचं तर मिनिटाला जेमतेम ४० फेरे. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर दीडपट दाब. पहिल्या दिवशी जमतं, चौथ्या दिवशी हरिहरेश्वरच्या पुढे गुडघ्याच्या पुढच्या बाजूला कळ सुरू होते. निघण्याआधी मागची कॅसेट (चकत्यांचा संच) बदलून ३४ किंवा ३६ ची बसवा. डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा आखूड असेल तर तो ३४ दाते घेत नाही, दुकानदाराकडून खात्री करून घ्या. चेनही नव्या मापाने कापावी लागेल: सर्वांत मोठ्या दोन्ही चकत्यांवरून, डिरेलर सोडून, चेन गुंडाळायची आणि वर दोन कड्या ठेवायच्या.

आणि चढ लागल्यावर गिअर टाकू नका, चढाच्या आधी टाका. ताणाखाली गिअर बदलला की चेन अडकते, आणि सामानाच्या वजनामुळे चढावर परत सुरुवात करता येत नाही.

---

नवशिका_पुणे

उत्तम माहिती. माझ्याकडे साधी एमटीबी (माउंटन बाइक) आहे, २६ इंची चाक, पुढे सस्पेन्शन. ती चालेल की नवीन घ्यावी?

---

पंक्चरपेटी

चालेल, आणि एका बाबतीत ती जास्त सोयीची आहे. तालुक्याच्या गावात सायकलच्या दुकानात दोन प्रकारचे टायर हमखास मिळतात: जुन्या काळ्या सायकलचा २८ × १½ आणि मुलांच्या सायकलींचा २६ इंची. ७०० चा टायर मिळत नाही. २८ × १½ हा दिसायला तसाच असला तरी त्याच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर, ७०० च्या चाकाचा ६२२. तो धावेवर (रिमवर) बसतच नाही, सैल राहतो. म्हणून ७०० वाल्यांनी घडीचा एक टायर सोबत ठेवावा. २६ वाल्यांना दोन ट्यूब पुरतात.

तुमच्या एमटीबीचे गुटगुटीत खाचांचे टायर मात्र काढा आणि १.७५ इंची गुळगुळीत टायर घाला. सस्पेन्शनला लॉक असेल तर चढावर लावा. सामानासह मागच्या चाकात ५५ पौंडांच्या आसपास आणि पुढे ४५ हवा पुरे. टायरच्या बाजूला छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका, जांभ्याच्या खडीवर चाक उड्या मारतं.

पंक्चर काढायच्या पायऱ्या देतो, कारण गावातला पंक्चरवाला मोटारसायकलच्या जाड ट्यूबचं काम करतो. गरम पट्टी लावून दाबलं की सायकलची पातळ ट्यूब वितळते किंवा कडेने फाटते. त्याच्याकडून हवा भरून घ्या, ठिगळ स्वतः लावा.

ट्यूब काढण्याआधी टायरवर व्हॉल्व्हसमोर खूण करा. भोक सापडलं की ट्यूब टायरशेजारी धरून काटा टायरमध्ये कुठे असेल ते कळतं. टायरच्या आतून बोट नको, कापडाचा बोळा फिरवा. तो जिथे अडकेल तिथे काटा किंवा काचेचा तुकडा. तो काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत पुन्हा तेच. भोकाभोवती पॉलिश पेपरने घासा, चमक जाऊन राखाडी झालं पाहिजे. सोल्यूशनचा पातळ थर ठिगळापेक्षा थोडा मोठा द्या आणि पाच मिनिटं थांबा. बोट लावल्यावर चिकटत नाही अशी अवस्था आली की मग ठिगळ लावून दाबा. ओल्या सोल्यूशनवर ठिगळ लावणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक आहे, त्यानेच ठिगळ दुपारी उन्हात सुटतं. सोल्यूशनची ट्यूब एकदा फोडली की महिन्या-दोन महिन्यांत सुकते, म्हणून न फोडलेली एक जास्तीची ठेवा.

एकाच ट्यूबला शेजारी-शेजारी दोन समांतर भोकं दिसली तर काटा शोधत बसू नका. हवा कमी असताना खड्ड्याच्या कडेवर ट्यूब धावेत चिमटली गेली आहे.

बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर दोन घ्या. ते नसलं तर गावातल्या कॉम्प्रेसरचा उपयोग नाही.

---

सडेकर

मागच्या चाकाचे स्पोक हा वेगळा विषय आहे, तो राहून गेला. काळ्या सायकलच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात म्हणून ती गोणी वाहते. आपल्या सायकलींना ३२ किंवा ३६. तुटतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा, कारण ताण तिथे जास्त असतो. त्या बाजूचे स्पोक दुसऱ्या बाजूपेक्षा एक-दोन मिलिमीटर आखूड असतात. दोन्ही मापांचे दोन-दोन स्पोक आधीच विकत घेऊन चेनच्या शेजारच्या नळीला टेपने बांधून ठेवा.

अडचण अशी की त्या बाजूचा स्पोक घालायला कॅसेट काढावी लागते आणि ते हत्यार रस्त्यात कुणाकडे नसतं. तात्पुरता उपाय: तुटलेला स्पोक शेजारच्याला गुंडाळा, त्याच्या दोन्ही बाजूंचे स्पोक अर्धा-अर्धा आटा सैल करा म्हणजे चाकाचा डोल कमी होतो, मागच्या बॅगेतलं जड सामान पुढे हलवा आणि रत्नागिरी किंवा मालवणपर्यंत हळू जा. रिम ब्रेक घासत असेल तर त्या बाजूचा पॅड थोडा उघडा.

कॅरियरचे बोल्ट रोज सकाळी तपासा. पाच मिलिमीटरचे ते दोन खालचे बोल्ट सगळं वजन घेतात, आणि उतारावरच्या हादऱ्यांनी सैल होतात. सैल बोल्ट तुटतो, आणि तुटलेला अर्धा भाग फ्रेममध्येच राहतो. आतून नायलॉनच्या अस्तराचा नट लावला तर हा प्रश्न उरत नाही. सोबत दोन बोल्ट आणि चार केबल टाय ठेवा. एकूण सामान १२ किलोच्या वर नको.

गिअरची तार तुटली तर मागची चेन सगळ्यात छोट्या चकतीवर जाऊन बसते आणि चढ अशक्य होतो. डिरेलरवर दोन बारीक स्क्रू असतात. त्यातला छोट्या चकतीची मर्यादा ठरवणारा स्क्रू आत पिळत गेलं की चेन दुसऱ्या-तिसऱ्या चकतीवर सरकते. तेवढ्या एका गिअरवर, पुढच्या चकत्या बदलत, दिवस काढता येतो. ब्रेकची तार मुलांच्या सायकलची चालते. गिअरची बारीक तार घरूनच न्यावी.

---

मतलई

@सडेकर, चिऱ्याच्या खाणींबद्दलही लिहा. सड्यावर खाण असेल तिथे ट्रकमधून सांडलेली लाल भुकटी नेमकी वळणावर साठते. उताराला वळणात ब्रेक दाबला की पुढचं चाक घसरतं. ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दाबायचा, वळणात ब्रेक सोडून द्यायचा. ती भुकटी रिम ब्रेकच्या पॅडमध्ये घुसून धाव खाते, म्हणून संध्याकाळी ओल्या फडक्याने धाव पुसायची आणि पॅडमधले चकाकणारे कण टोकाने काढायचे.

---

नवशिका_पुणे

किनाऱ्यावर वाळूतून सायकल चालवतात असं वाचलं. दिवेआगर, गुहागर, कर्दे. ते कितपत शक्य आहे?

---

खाडीकाठ

शक्य आहे, ओहोटीच्या आसपास दीड तास आधी आणि दीड तास नंतर, भिजलेल्या कडक पट्ट्यावर. भरतीचा हिशेब तिथीवरून करा, कोकणात सगळे तोच करतात: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला १५ ची पाऊणपट, सव्वाअकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक धरा. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती असते, त्या दिवसांत पाणी वर सुरूच्या झाडांपर्यंत येतं आणि ओहोटीला तितकंच दूर जातं.

---

सडेकर

माझं मत स्पष्ट आहे: सामान लादलेली सायकल वाळूत घालू नका. खारं पाणी हबच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये गेलं की वरून धुऊन निघत नाही. एकदा हौस म्हणून गेलातच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा (जोराच्या धारेने नको, तांब्याने), चेन कोरडी पुसा आणि तेल घाला. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी चेन तांबूस झालेली असते.

तेलाबद्दल: शिवणयंत्राचं तेल प्रत्येक वाण्याकडे मिळतं. ते पातळ असतं, रोज घालावं लागेल, पण चालतं. खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. तेल प्रत्येक कडीच्या आत एक थेंब, पाच मिनिटं थांबून बाहेरून पूर्ण पुसायचं. बाहेर राहिलेलं तेलच लाल धूळ ओढतं.

आणि वेळास, आंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत घरटी वाळूत असतात, भरतीरेषेच्या वर. तिथे कोरड्या वाळूत चाक नेणं म्हणजे घरट्यावरून जाणं. अंधार पडल्यावर किनाऱ्यावर दिवे लावून फिरणंही नको.

---

उकडा तांदूळ

खाण्या-राहण्याचं मी लिहिते.

कोकणातल्या आतल्या गावांत हॉटेल हा प्रकार गृहीत धरू नका. घरगुती खानावळ असते आणि ती सांगितल्यावर चूल पेटवते. दुपारचं जेवण हवं तर सकाळी नऊ-दहापर्यंत फोन करून किती माणसं, शाकाहारी की मासे हे सांगा. रात्रीचं जेवण आठच्या आत. अवेळी दारात उभं राहून ताबडतोब जेवण मागितलं तर त्या घरातल्या बाईची दुपार जाते, याचं भान ठेवा. न्याहारीला घावणे, आंबोळी, पोहे. दिवसभर चढ असतील तर भात कमी करू नका. कुळथाची पिठी-भात पोटाला हलका आणि पुरतो.

पाणी: थंडीतही तासाला अर्धा ते पाऊण लिटर लागतं. दुकानं खाडीकाठच्या वाडीत, सड्यावर काही नाही, म्हणून चढाआधी किमान दोन लिटर भरून घ्या. नुसतं पाणी पिऊन दुपारी डोकं धरलं तर मीठ कमी पडलंय. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोकम सरबतात मीठ घालून घेतलं तरी चांगलं.

मुक्काम: गणपतीपुळे, कुणकेश्वर अशा मोठ्या देवस्थानांत भक्तनिवास आहेत. लहान गावात घरगुती निवास-न्याहारी. काहीच नसेल तर देवळाच्या सभामंडपात झोपायची परवानगी मिळू शकते, पण ती गुरवाला किंवा पुजाऱ्याला आणि शक्य तर पोलीस पाटलांना विचारून. आधारकार्डाची छायाप्रत द्या. सायकलची घट्ट चड्डी घालून देवळात जाऊ नका, एक लुंगी किंवा पंचा वरून गुंडाळला की झालं. तोच पंचा टॉवेल होतो.

सुट्टे पैसे भरपूर ठेवा. खाडीच्या तळाशी मोबाईलला रेंज नसते, म्हणून मोबाईलवरून पैसे जात नाहीत. दहा-वीस-शंभरच्या नोटांत तीन हजार पुरतात.

प्लास्टिक परत न्या. वाड्यांत कचरा उचलायला गाडी येत नाही, तो तिथेच जळतो.

---

मतलई

दिनदर्शिका बघून निघा. शिमग्यात देवाची पालखी घरोघर फिरते, चाकरमानी आलेले असतात, खोल्या मिळत नाहीत. पण पालखी रस्त्यात आली तर उतरून बाजूला उभं राहायचं, घंटी वाजवत पुढे काढायची नाही. गणपतीतही तीच गर्दी.

सिंधुदुर्गात आचऱ्याला गावपळण असते. काही वर्षांच्या अंतराने, रामेश्वराचा कौल मिळाला की सगळा गाव गुरांढोरांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस तीन रात्री गावात चूल पेटत नाही. आचऱ्याला मुक्काम किंवा जेवण ठरवलं असेल तर आधी फोन करून विचारा. त्या दिवसांत गावात थांबायचं नाही.

---

चौतीस दाते

नकाशाच्या ॲपची एक फसगत नोंदवतो. 'जवळचा रस्ता' म्हणून ते पाखाडीवर घालतं. पाखाडी म्हणजे वाडीतली जांभ्याच्या पायऱ्यांची वाट. सामानासह सायकल ५० पायऱ्या चढवण्यात तास जातो. बंद पडलेल्या फेरीबोटीही ॲपवर चालू दिसतात. दोन रस्त्यांत शंका आली तर ज्यावरून एसटी जाते तो घ्या. 'पुढे चढ आहे का' असं विचारू नका, रोज चालणाऱ्याला तो चढ वाटत नाही. 'एसटी वर चढताना पहिला गिअर टाकते का' असं विचारा.

---

उकडा तांदूळ

तंबूबद्दल कुणी लिहिलं नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवर फुरसं हा विषारी साप खूप. लहान असतं, जांभ्याच्या रंगात मिसळतं आणि रात्री फिरतं. उघड्या सड्यावर तंबू नको. अंधारात उतरलात तर बॅटरी हवीच, सकाळी बूट झटकून घाला, दगड हाताने उचलू नका. चावलंच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नाही. अवयव हलू न देता १०८ ला फोन आणि प्रतिसर्पविष असलेलं ग्रामीण रुग्णालय. आपल्या टप्प्यातली अशी रुग्णालयं आदल्या दिवशी विचारून लिहून ठेवा.

---

नवशिका_पुणे

शेवटचा प्रश्न. फेरीच्या अलीकडे राहावं की पलीकडे? आणि परत येताना सायकल रेल्वेने कशी आणायची?

---

खाडीकाठ

तत्त्व म्हणून संध्याकाळी खाडी ओलांडून ठेवावी. मग सकाळी बोटीची वाट न बघता गारव्यात चढ सुरू होतो. पण ते सगळीकडे जमत नाही. हरिहरेश्वरला खोल्या भरपूर, पलीकडे वेसवीला फार काही नाही, म्हणून तिथे अलीकडे राहून पहिली बोट पकडा आणि वेळासला न्याहारी सांगून ठेवा. दाभोळला उलट करा: दुपारची बोट घेऊन धोपाव्याहून सरळ गुहागर गाठा. तवसाळलाही पलीकडे जा, जयगडहून मालगुंड-गणपतीपुळ्यापर्यंत जागा मिळतात.

---

सडेकर

रेल्वेबद्दल. रेडीहून सावंतवाडी किंवा कुडाळ. सावंतवाडी स्थानक शहरापासून दूर आहे, तेवढा वेळ धरा. सायकल ब्रेक व्हॅनमध्ये (गाडीच्या सामानाच्या डब्यात) द्यायची तर आदल्या दिवशी स्थानकावर जाऊन ती गाडी तिथे सामान घेते का हे विचारा. थांबा दोन मिनिटांचा असेल तर बहुधा घेत नाहीत, मग रत्नागिरी किंवा मडगाव. आपल्या तिकिटावर लगेज म्हणून नोंदवली तर त्याच गाडीने येते, पार्सल केली तर दुसऱ्या गाडीनेही जाऊ शकते. डिरेलरच्या बाजूला गोणपाट दुहेरी बांधा, हँडल आडवं वळवून नळीला बांधा, नाव, फोन आणि उतरायचं स्थानक दोन ठिकाणी लिहा.

डब्यात सोबत न्यायची असेल तर दोन्ही चाकं आणि पेडल काढून पिशवीत. पेडलला १५ चा पाना लागतो, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे असतात: ते घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. हे माहीत नसल्याने लोक जोर लावून क्रँकचे आटे खलास करतात. निघण्याआधी घरी एकदा दोन्ही पेडल सोडवून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवा, म्हणजे बारा-तेरा दिवसांच्या खाऱ्या हवेनंतरही ती जाम होत नाहीत.